टिचकीसरांचं ‘नाही’

सर कुठलीही वस्तू टिचकी मारल्याशिवाय हातात घेत नसत. कलिंगडाला सगळेच मारतात. सर फुगलेल्या भाकरीला मारत, नव्या दाराला मारत, बँकेच्या काउंटरवरच्या काचेला मारत. टिचकी मारायची, मान एका बाजूला कलती करायची, डोळे मिटायचे आणि एकच शब्द बोलायचा. ‘आहे’, नाहीतर ‘नाही’. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायची. काकू एकदा भाकरी थापताना म्हणाल्या, “लग्नात माझ्या कपाळावर नाही मारलीत, एवढं नशीब.” सर म्हणाले, “मारली होती. तू झोपली होतीस.”

कोपरखैरण्याच्या रो-हाउसमध्ये पुढच्या खोलीत ते गिटारी दुरुस्त करायचे. आधी महाप्याच्या एका कारखान्यात फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. कारखाना बंद पडला आणि हौस होती तोच धंदा झाला. वाशीला लोकल गाडी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, त्यामुळे मुंबईहूनही लोक यायचे. जुनी विलायती गिटार घ्यायच्या आधी ती सरांना दाखवायची, अशी रीतच पडली होती. ओरिजनल की डुप्लिकेट, हे सर सांगायचे. ‘आहे’ म्हटलं की घेणारा पुढे काही विचारत नसे. ‘नाही’ म्हटलं की आणणारा वाद घालत नसे. सगळे त्यांना टिचकीसर म्हणायचे, तोंडावरसुद्धा.

माझी त्यांची ओळख माठावरून झाली. माझं माहेर साताऱ्याकडचं, कुंभाराचं. नवरा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. मी उन्हाळ्यात फुटपाथवर माठ मांडायची, पण गिऱ्हाइकाशी बोलायची लाज वाटायची. भाव माझी नणंद सांगायची. मी माठ फक्त पुसून पुढे करायची. सर आले आणि एकेक माठ वाजवत सुटले. नणंद म्हणाली, “काका, घ्यायचाय का तबला शिकायचाय?” सातवा माठ वाजवून ते म्हणाले, “आहे.” मला राहवलं नाही. मी खाली बघून म्हटलं, “तो नका घेऊ. गळ्याला चीर हाय त्याच्या.”

त्यांनी पुन्हा वाजवला, फिरवून बघितला, बोट फिरवलं. चीर कुठे दिसत नव्हती. मी माठ पाण्याने भरून ठेवला. थोड्या वेळाने गळ्यापाशी केसासारखी ओली रेघ उमटली. सर त्या रेघेकडे बघतच राहिले. “मला ऐकू आली नाही,” असं दोनदा म्हणाले. दुसऱ्या दिवशी काकू मला विचारायला आल्या, घरचं काम करशील का. केर, फरशी, भाकरी. मी हो म्हटलं. खरं काम वेगळंच होतं, ते मला महिन्याने कळलं.

एका दुपारी मी फरशी पुसत होते. सर म्हणाले, “शालन, हात पूस आणि इकडे ये. हिला वाजव.” टेबलावर एक गिटार होती. मी चौथी शिकलेली बाई, त्या वस्तूला हात लावायलाही भ्यायले. पण वाजवली. बोटाचं पेर, हलकं, पोटावर, मग पाठीवर, मग कडेने. माठाला वाजवतो तशीच. एका जागी आवाज बसला होता, घसा बसतो तसा. मी तिथे बोट ठेवलं. सरांनी आरसा आत घातला, दातांच्या डॉक्टरकडे काडीला लावलेला असतो तसला, आणि बॅटरीचा उजेड पाडला. आतली पट्टी सुटली होती. तेव्हापासून डोळ्यांचं काम त्यांचं आणि कानाचं माझं. चारचौघांत मी बोलत नसे. टिचकी मारून मान हलवायची, एवढंच. सर ती बघायचे आणि मग आपला शब्द बोलायचे.

या गिटारी दोन तऱ्हेच्या असतात. एक भरीव लाकडाची आणि एक आतून मोकळी, विजेवर चालणारी तरीही तंबोऱ्यासारखं पोट असलेली. तिच्या पोटावर दोन लांब वळणदार चिरा असतात. सर तिला हॉलो बॉडी म्हणायचे. मला ते जमेना, म्हणून मी पोकळ गिटार म्हणायची. आलेली मंडळी हसली तेव्हा सर म्हणाले, “हसता काय? बरोबर बोलली ती. पोकळ आहे म्हणूनच बोलते. तुमच्यासारखी ठोस असती तर नुसती ओरडली असती.”

खरी जुनी कशी ओळखायची हे त्यांनीच मला दाखवलं. आत चिकटवलेल्या कंपनीच्या कागदाचा रंग बघायचा, त्यावरचा आकडा आणि मानेवरचा आकडा जुळतो का बघायचं. आतल्या विजेच्या तारा शिसं वितळवून जोडलेल्या असतात, त्या झाळीवर चकाकी नको. पेचांच्या खाचा खरवडलेल्या नकोत. चिरेला नाक लावून वास घ्यायचा. वरच्या लाखेला बारीक तडे असतात, ते आडवेतिडवे, आपल्या मनाने गेलेले हवेत. ते म्हणायचे, “खोटं म्हातारपण सगळीकडे सारखं असतं, शालन. खरं म्हातारपण जिथे हात लागतो तिथेच येतं.” मग माझ्या पोळपाटाकडे बोट दाखवायचे. तो मधेच झिजलेला होता.

सरांच्या भिंतीवर सात-आठ गिटारी होत्या, पण पोकळ एकही नव्हती. ऑर्केस्ट्रात असताना एका वादकाने त्यांना आपली पोकळ गिटार तीन गाण्यांपुरती दिली होती. त्या तीन गाण्यांबद्दल ते असं बोलायचे की काकू उठून आत जायच्या.

मग जासई गावचं बोलावणं आलं. खारचा एक शेठ जुन्या वाद्यांची खरेदी-विक्री करायचा. त्याला खबर लागली होती की जासईत एका आजींकडे अशी गिटार आहे. आजींचा नवरा बोटीवर खलाशी होता, त्याने परदेशातून आणलेली. शेठने जीप आणली, सरांना घेतलं, सरांनी मला घेतलं. मुलगा कंटेनर यार्डात ड्युटीवर गेलेला, घरात आजी एकट्याच होत्या. भिंतीवर नवऱ्याचा फोटो, शेजारी खुंटीला गिटार, दोघांना मिळून एकच हार.

“ये गो बाय, बस,” आजी मला म्हणाल्या. “मना काय समजत नाय त्यातला. घरान कोन वाजवनार हाय? पोरगा बोलतंय, इकून टाक. माझा मानूस बोटीवरशी आयला न् ही घेऊन आयला. मी म्हनलं, माझे हातान बांगड्या नाय, न् तू लाकूड आनतंस? तर बोलला, ही अस्सल हाय, हिचेसारखी दुसरी नाय. मंग मी काय बोलली नाय.”

सरांनी गिटार उतरवली. तपकिरी, कडेला काळसर, मधे मधासारखी. त्यांनी आरसा घातला, कागद बघितला, आकडे बघितले, वास घेतला. तो वास घेताना त्यांनी डोळे मिटले ते लवकर उघडलेच नाहीत. हाताच्या कोपराखालची लाख झिजली होती, बरोबर तिथेच. मग गिटार माझ्याकडे आली. मी वाजवली. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. कुठे बसलेला नाही, कुठे फाटलेला नाही, सगळीकडून भाजून निघालेल्या माठासारखा. मी सरांकडे बघून मान हलवली, आहे म्हणून. त्यांनी ती बघितली. मला पक्कं आठवतंय, त्यांनी बघितली.

“सर, फायनल बोला ना,” शेठ म्हणाला.

सर म्हणाले, “नाही.”

शेठ चरफडत जीपकडे गेला. सरांचा शब्द म्हटल्यावर त्याने स्वतः वाकून बघितलंसुद्धा नाही. आजी जागच्या हलल्या नाहीत. “म्हनजे खोटी हाय?” त्यांनी मला विचारलं. मी सरांकडे बघितलं. त्या फोटोकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, “तीस वर्सं खोटा बोललास मना.” मग त्यांनी हार काढला. नुसती गिटारीकडची बाजू नाही, फोटोवरचीसुद्धा सोडवून पूर्ण हारच काढला आणि पदरात धरून बसल्या.

परतीच्या वाटेवर सरांनी कशालाच टिचकी मारली नाही. मी घरी गेले आणि होते नव्हते ते सगळे माठ वाजवले. मला वाटलं, माझाच कान गेला. सर चुकणार नाहीत, म्हणजे मी चुकले. नणंद म्हणाली, “काय गं, भूत लागलंय का तुला?” चार दिवस मी माठ विकला नाही. कान गेलेल्या बाईने माठ कसा विकावा?

पाचव्या दिवशी कामाला गेले तर ती गिटार सरांच्या टेबलावर होती.

मी दारातच थांबले. काकू म्हणाल्या, “जासईहून आणली. जळणाच्या भावात मिळाली म्हणे. त्या बाईला घरात नकोच होती.” सर मान खाली घालून तारा बदलत होते. कान माझा गेला नव्हता. हे कळलं तेव्हा बरं वाटायला हवं होतं. उलट मी उंबऱ्यावरच बसले. चुकलेला माणूस मी समजू शकत होते. सर चुकले नव्हते. सरांनी सगळं बरोबर ओळखलं होतं.

त्यांनी आवाज मोठा करायचं मशीन लावून गिटार वाजवली. इतकी गोड वाजली की काकू कणकेच्या हाताने बाहेर आल्या. सर रडत होते की हसत होते, कळत नव्हतं. मला म्हणाले, “शालन, बोल. कशी आहे?”

मी त्या घरात दोन वर्षं मान हलवून काढली होती. तेव्हा तोंडातून शब्द कसा आला, मला अजून उमगत नाही. मी म्हटलं, “आहे.”

सरांचा हात तारांवर थांबला.

“आजींनापण सांगा,” मी म्हटलं. “त्यांनी हार काढलाय.”

मला वाटलं, आता काम गेलं. मी केर काढला, भाकरी केल्या. सर जेवले नाहीत. तीन दिवस गिटार चादरीखाली पडून होती, आणि काकू मला सारखं विचारत होत्या, “यांना झालंय काय?” मी सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं नव्हतं. चौथ्या दिवशी सर म्हणाले, “चल. जासईला जायचंय.”

दोन बस बदलून गेलो. गिटार चादरीत गुंडाळून त्यांनी मांडीवर धरली होती, तापाचं पोर धरावं तशी. आजी अंगणात मासळी वाळत घालत होत्या. सर उभ्या उभ्याच म्हणाले, “आजी, आहे. अस्सल आहे. मला हवी होती म्हणून मी खोटं बोललो.”

आजींनी हात धुतले. सरांकडे बघितलंच नाही. सरळ आत गेल्या, फोटोसमोर उभ्या राहिल्या. आतून आवाज आला, “तू नाय खोटा बोललास रं.” बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा गिटार सरांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, “मास्तर, तुमचं केस पांढरं झालं. तुमाला मी आता काय बोलू? बसा. चाय घ्या.” सर बसले. तो चहा त्यांनी कसा संपवला ते मी बघितलं आहे.

पुढे आजींच्या मुलाने सगळी हकिगत शेठला सांगितली. आजींनी मात्र गिटार विकली नाही. शेठने मुंबईभर केलं. सरांकडे येणारी माणसं कमी होत गेली. कुणी तोंडावर विचारलं तर सर म्हणायचे, “खरं आहे.” तरी कुणी एखादी गिटार घेऊन आलंच तर ते सगळं तपासून द्यायचे, पण शेवटचा शब्द बोलायचे नाहीत. “शालनला विचारा,” म्हणायचे. “माझ्यात चीर आहे.” लोकांना वाटायचं चेष्टा करतात. मग मला बोलावं लागायचं. आधी पदर तोंडाशी धरून, पुढे पुढे पदर न धरता. एकदा एक सुटाबुटातला माणूस माझ्या ‘नाही’वर चिडला. मी पुन्हा म्हटलं, “नाही.” सर कोपऱ्यात झाळकाम करत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

मुलीने त्यांना पुण्याला बोलावून घेतलं तेव्हा उन्हाळा होता. मी फुटपाथवर होते. रिक्षात सामान आणि काकू, आणि सर उतरून माझ्यासमोर उभे. म्हणाले, “एक माठ दे. पुण्यात चांगला मिळत नाही म्हणतात.”

मी तीन वाजवले. चौथा पुसून पुढे केला. नेहमीसारखं त्यांचं बोट वाकलं, आणि मी मान फिरवायची तयारी केली, कारण आपण दिलेल्या माठाला समोरच्याने टिचकी मारली की मला अजून लाज वाटते.

“आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

त्यांनी बोट सरळ केलं आणि दोन्ही हातांनी माठ उचलला. रिक्षा सिग्नलला थांबेपर्यंत मी बघत होते. माठ मांडीवर होता, हात त्याच्या गळ्याभोवती होते. त्यांनी वाजवला नाही.