आबांच्या खळ्यावरचं मेट्रो स्टेशन

आधीच सांगतो, असले अनुभव मी जेवताना टाइमपास म्हणून वाचतो आणि खाली 'काहीही हं!' अशी कमेंट टाकून मोकळा होतो. त्यामुळे आज तुम्ही मला तेच म्हणालात तर राग नाही.

मी मूळचा लातूरचा. नोकरी आयटी पार्कात आणि राहायला जवळच्याच माण गावात, घरमालक आबांच्या भाड्याच्या खोलीत. मेट्रोचं स्टेशन झालं ते आबांच्याच भातखाचरांवर. जिना आहे तिथं पूर्वी त्यांचं खळं होतं, भात झोडपायचं. गाड्या सुरू झाल्यापासून आबांचं एकच... "सायेब, येकदा मला तितं न्या की. ते तिकिटाचं मशिनीचं दार मला येकट्याला जमायचं न्हाई."

एका सकाळी ऑफिसला निघताना नेलं. जिन्यापाशी आबा वाकले आणि चपला काढून हातात घेतल्या.

"अहो आबा, लोक बघतायत! घाला ना."

"खळ्यात पायताण घालून जात्यात व्हय? लक्षुमी असती हितं."

आणि निघाले की अनवाणी वर! प्लॅटफॉर्मवर नेमकी आमची अख्खी टीम उभी. आबा दिसेल त्याला हात जोडत होते, घरी पाहुणे आल्यासारखे. मॅनेजरने हसून विचारलं, "कोण रे हे काका? तुझ्यासोबत आहेत?"

"छे! मी नाही ओळखत," मी म्हणालो.

आबा हातभर अंतरावर होते. ऐकलंच त्यांनी. गाडी आली, मी चढलो, ते तिथंच राहिले. परतताना ते दार त्यांना कुणी उघडून दिलं, देव जाणे.

ऑफिसात पायाला काहीतरी टोचायला लागलं. खडा असेल म्हणून बूट काढला — तर भात सांडला! तांदूळ नव्हे, सालासकट भात. दुसऱ्यातही तेच. विंचवाच्या धास्तीने मी रोज बूट झटकून घालतो, त्या दिवशीही झटकले होते. नाडी सकाळपासून सोडलेली नव्हती. बरं, दिवस भर उन्हाळ्याचे, आणि माणमध्ये आता शेत उरलंय कुठं?

संध्याकाळी मान खाली घालून ते दाणे आबांच्या हातावर ठेवले, कुठं सापडले तेही सांगितलं. आबांनी एक दाणा चोळला, वास घेतला.

"आंबेमोहोर! आमच्या खळ्यावरचा हाय ह्यो... जमिनीनं वळख दिली तुमाला, सायेब. लई नशीबवान हायसा!"

टोमणा नव्हता हो. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, आनंदाचं. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भात कुठून आला, मला आजही कळलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर लिहा. आबा अजूनही "या, सायेब" म्हणून चहा पाजतात, आणि माफी मागायला माझी जीभ रेटत नाही. ऑफिसला मी हल्ली बसने जातो. बूट घालून तो जिना चढवत नाही, आणि चारचौघांत काढायची लाज वाटते... अजूनही.