कोंबडीच्या समाचाराला आलेलं गाव

नेफ्ताली बारोस समोरून येताना दिसला की बोका दे गार्सामधली पोरं पळत सुटायची. मॅग्दालेना नदीकाठच्या त्या गावात कोण वारलं हे जाहीर करायचं काम त्याच्याकडे होतं. घराच्या छपरावर मोठा कर्णा आणि खाली मेजावर मायक्रोफोन. "अत्यंत दुःखानं कळवण्यात येतं की..." असा त्याचा खर्जातला आवाज निघाला की नदीवरचे कोळी टोप्या काढायचे आणि बायका चुलीवर कॉफीचं मोठं भांडं चढवायच्या. मयताच्या घरी रिकाम्या हातानं कोण जाणार? अधूनमधून तो हरवलेली डुकरं आणि ताजी मासळीही जाहीर करी, पण सूर तोच. मासळी घ्यायलासुद्धा माणसं काळे कपडे घालून येत.

साठी उलटल्यावर एक दिवस तो बायकोला म्हणाला, "ओतिल्दा, मी हे सोडतोय. लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं लिहिणार. एकदा तरी पोरांनी माझ्याकडे पळत यावं, असं फार वाटतं बघ."

ओतिल्दा तांदूळ निवडत होती. "बरं. आणि मेलेल्यांनी काय करायचं?"

"भाचा आहे ना माझा. सोमवारी कर्णा घेऊन जाईल."

"अन् चित्रं कोण काढणार?"

"तू. होड्यांवर नावं रंगवतेसच की."

गोष्ट साधी होती. आमाल्फी नावाची कोंबडी कोंबड्याच्या आरवण्याला कंटाळते आणि होडीत बसून पलीकडच्या काठावर राहायला निघते. वाचनालयातली योलिमा म्हणाली, "काका, छापायचं वाचनालय बघेल. पण आधी मुलांना वाचून दाखवा. त्यांनी 'परत वाचा' म्हटलं, तरच."

शनिवारी नेफ्तालीनं सुरुवात केली, "एक होती कोंबडी."

मुलांनी भराभर छातीवर क्रूसाची खूण केली. एकानं हळूच विचारलं, "कधी गेली?" कॅन्देलारिया नावाची चिमुरडी तर असा गळा काढून रडू लागली की पुढचं पान उलटलंच नाही.

"पुढच्या शनिवारी एकदाच बघू," योलिमा म्हणाली. "पण काका, जरा हसत वाचा हो."

त्याच्या आदल्या दिवशी दुपारी नेफ्ताली घरी सरावाला बसला. समोर मायक्रोफोन नसला की त्याला शब्द सुचत नसत, म्हणून तो समोर घेतला. भाच्याचा सोमवार अजून उगवला नव्हता, कर्णा छपरावरच होता. मायक्रोफोन बंदच आहे, असं त्याला वाटलं. मेज पुसताना ओतिल्दानं बटण कुठल्या बाजूला केलं होतं, देव जाणे. तो हसत वाचायला लागला. हसला फक्त चेहरा, आवाज होता तसाच राहिला.

"आमाल्फी सकाळी होडीत बसली. आमाल्फीला पोहता येत नव्हतं. आमाल्फी पाण्यात पडली."

इथं घसा कोरडा पडला म्हणून तो आत गुळाचं लिंबूपाणी प्यायला गेला. बाहेर आला तेव्हा अंगणात गाव जमलं होतं.

शेजारच्या फिदेलिनानं कॉफीचं भांडं खाली ठेवून त्याला मिठीच मारली. "धीर धर रे नेफ्ताली!" पुरुषांनी त्याच्याच घरातल्या खुर्च्या बाहेर काढून, मयताच्या घरी मांडतात तसा डोमिनोचा डाव मांडला होता.

"कोण होती?"

"ओतिल्दाची मावशी, वरच्या गावची."

"फार सोशिक बाई हो!"

म्हातारे क्रिसान्तो आजोबा डोळे पुसत म्हणाले, "तरुणपणी नाचलोय मी तिच्याबरोबर. काय गिरकी घ्यायची!"

गलका ऐकून ओतिल्दा हातात कुंचला घेऊन धावत आली. "कोण गेलं?"

"अगं, तुझी मावशी!"

ओतिल्दानं आधी पोटभर रडून घेतलं. मग तिला आठवलं, आपल्याला मावशीच नाही.

गप्प बसावं, मावशीला सुखानं पुरावं आणि उद्या वाचनालयात जाऊच नये, असं नेफ्तालीला क्षणभर वाटलं. गाव हसलं तर कुठलं पोर त्याची गोष्ट ऐकणार? पण गर्दीत मागं कॅन्देलारिया पुन्हा हुंदके देत होती. त्यानं आतून चित्र आणलं आणि उंच धरलं.

"ही आमाल्फी."

सगळे माना उंचावून बघू लागले. शेवटी फिदेलिना म्हणाली, "ही तर कोंबडी आहे."

"हो."

"मग माझ्याबरोबर नाचली ती कोण?" क्रिसान्तो आजोबांनी विचारलं.

आधी पोरांना हसू फुटलं, मग सगळ्या अंगणाला. फिदेलिना मात्र कमरेवर हात ठेवून उभी. "एवढी साखर घालून कॉफी केलीये मी! आता कुणीतरी मेलंच पाहिजे!"

"पण ती बुडाली का?" कॅन्देलारियानं विचारलं.

"नाही गं."

"मग सांगा ना पुढचं!"

खुर्च्या मांडलेल्याच होत्या. नेफ्तालीनं वाचलं, त्याच आवाजात, कारण दुसरा त्याच्याकडे नव्हता. "अत्यंत दुःखानं कळवण्यात येतं की, आमाल्फी टोपलीत बसून सुखरूप पलीकडे पोचली." पोरं जमिनीवर लोळली.

"परत! परत वाचा!"

दुसऱ्या खेपेला कोंबडी पाण्यात पडली तेव्हा बायकांनी मयतातला खराखुरा हंबरडा फोडला आणि पोरांनी त्याहून मोठा.

डोक्यावरचा काळा रुमाल सोडत योलिमा म्हणाली, "काका, उद्या यायची गरज नाही. मी छापायला देते."

"यायची गरज नाही कशी?" पोरं ओरडली. "आम्ही उद्या रडायला येणार!"

पुस्तक निघालं. कोंबडी पाण्यात पडते त्या तिसऱ्या पानाखाली योलिमानं छापून घेतलं, 'इथे मोठ्यानं रडावं.' हल्ली नेफ्ताली पाव आणायला निघाला तरी पोरं त्याला वाटेतच गाठतात, सदऱ्याला लोंबकळतात.

"काका, काका, आता कोण मरणार?"

"अजून नक्की नाही," तो खर्जात सांगतो. "बहुतेक बेडूक."