वानवळ्याचा दावा

महाराजांच्या राजवटीत मी कोल्हापुरात नवा मुन्सफ होऊन खुर्चीवर बसलो तेव्हा इतका कोवळा दिसत होतो, की पक्षकार येऊन आधी शिरस्तेदाराला मुजरा करायचे आणि मग मलाच विचारायचे, "रावसाहेब कवा येणार?" यावर उपाय म्हणून मी मिशा वाढवल्या. त्या उजव्या बाजूला बऱ्या आल्या, डाव्या बाजूला आल्याच नाहीत. न्यायाचा तराजू पहिल्याच वर्षी माझ्या तोंडावर एका अंगाला झुकला होता, आणि हे मला सोडून सगळ्यांना दिसत होतं.

त्याच हिवाळ्यात माझ्यापुढे वानवळ्याचा दावा आला.

कसबा बावड्याच्या अंगाला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं गुऱ्हाळ होतं. हंगाम सुरू झाला की पहिल्या गुळातल्या काही ढेपा वानवळा म्हणून शहरात लेकीच्या, बहिणीच्या, व्याह्यांच्या घरी पोचवायच्या, हा त्याच्या बापापासूनचा रिवाज. त्या साली नाक्यावर जकातीचा मक्तेदार नवा होता. मक्तेदारानं लिलावात बोली बोलून दरबारात रक्कम भरलेली असते. पुढं नाक्यावर जे जमेल ते त्याचं. तेव्हा त्याची नजर बारीक असणं ओघानंच आलं. त्याच्या माणसांनी गाडी अडवली आणि जकात मागितली. म्हातारा म्हणाला, "ह्यो माल न्हाय, वानवळा हाय." ते म्हणाले, "गूळ तो गूळ." शब्दानं शब्द वाढला. शेवटी गाडी बैलांसकट नाक्यावर अडकवून ठेवली आणि म्हातारा चालत घरी गेला. घरी जाण्याआधी माझ्या कोर्टात येऊन दावा लावून गेला.

बैल अडकले ही साधी गोष्ट नव्हती. त्याच्याकडे दोनच जोड्या. चरक ओढायला त्या आलटून पालटून लागायच्या. आता एकाच जोडीवर चरक फिरत होता, तोही थांबत थांबत, आणि तोडून ठेवलेला ऊस बांधावर वाळत पडला होता. हंगामात कुणी कुणाला बैल उसने देत नाही. जकात भरली असती तर बैल त्याच दिवशी सुटले असते. पण म्हाताऱ्याचं म्हणणं अर्जात लिहिलेलं होतं ते असं: आज वानवळ्यावर जकात दिली, तर उद्या लेकीला चोळीबांगडी नेतानाही नाक्यावर थांबावं लागेल.

मला तो दावा फार आवडला. पुस्तकी माणसाला असले दावे आवडतात. दिलेली वस्तू माल होते का? राज्याचा हक्क व्यवहारावर आहे, की प्रेमानं दिलेल्यावरही? मी रात्रंदिवस याच विचारात. कायद्याची बुकं कमी पडली, तेव्हा लहानपणी ऐकलेल्या गोष्टी आठवल्या. त्या गोष्टींतले राजे वेष पालटून प्रजेत हिंडायचे आणि खरं काय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे. राजाला जमतं ते मुन्सफाला का जमू नये, असं माझ्या मनानं घेतलं. राजापुढे वकील उभे नसतात, हा फरक त्या वेळी ध्यानात आला नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी साधं धोतर नेसलो, खांद्यावर घोंगडी टाकली, डोक्याला मुंडासं बांधलं. टांगा लांब चिंचेखाली उभा करायला लावला आणि बांधाबांधानं गुऱ्हाळावर गेलो.

म्हातारा शेतात होता. त्याची कारभारीण काहिलीजवळ बसली होती. चुलवाण धगधगत होतं, वर पाक रटरटत होता.

"या पावणं," ती म्हणाली. "कुठनं आलासा?"

"सांगलीकडनं," मी म्हणालो. "गुऱ्हाळ बघायला."

"सांगलीला न्हाईत व्हय गुऱ्हाळं?"

यावर मी खोकलो.

तिनं माझ्या हातात रसाचा तांब्या दिला. मी नको म्हणालो. "गुऱ्हाळावरनं कोरड्या तोंडानं गेल्यालं चालत न्हाय," ती म्हणाली. "आमच्या दारात वैरी आला तरी रस पिऊन जातोय. मक्तेदाराचा मानूस बैल अडवायच्या आदल्या दिशी हितंच बसून पिऊन गेलाय." मी प्यालो. मग दुसरा तांब्या आला, तोही प्यालो. नंतर उसाच्या कांडक्यावर गुंडाळलेला गरम गूळ. मधल्या वेळात मी बांधावरचा ऊस बघितला. वरचा थर पिवळा पडून सुरकुतला होता. चरकाला जुंपलेली जोडी फेऱ्यागणिक थांबत होती आणि हाकणारा तिला मारत नव्हता, नुसता पाठीवर हात ठेवून उभा राहत होता.

निघताना म्हातारीनं फडक्यात बांधून एक लहानशी ढेप दिली. "घरच्या मालकिनीस्नी द्या."

मी म्हणालो, "पैसे..."

ती अशी काही हसली, की मी ढेप काखेत घेतली.

टांग्यात बसल्या बसल्या माझ्या डोक्यात हुकूम तयार झाला. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, बैल मात्र उद्याच्या उद्या सोडावेत. त्यात एक वाक्य असं जमलं होतं, की मी ते घरापर्यंत पुटपुटत आलो.

घरी कुटुंबानं ढेप हुंगली. "गूळ बरा दिसतोय. कुणी दिला?"

"गुऱ्हाळावर देतातच."

"तुमच्यापुढे गुळाचाच दावा आहे ना?"

"तो मुन्सफापुढे आहे. मी तिथे वेष पालटून गेलो होतो."

"मग गूळ खाणारे दात कुणाचे होते?" ती म्हणाली, आणि ढेप फोडायला घेतली. रात्री गुळाच्या पोळ्या झाल्या. मी चार खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरलं. मक्तेदाराकडून शहरातले एक वयोवृद्ध मुसलमान वकील उभे होते. काळी शेरवानी, मेंदी लावलेली दाढी, आवाज कधी चढत नसे. म्हाताऱ्याला वकील नव्हता. तो आणि कारभारीण दोघंच आले होते. वकिलांनी त्याला शांतपणे विचारलं, "आबा, वानवळा कशाला म्हणायचं आणि माल कशाला?"

"पैसं घेटलं तर माल, न्हाय घेटलं तर वानवळा. त्यात काय?"

"पण गाडी नाक्यावर असताना पैसे घ्यायचे बाकी असतात. नाक्यावरच्या माणसानं कसं ओळखायचं? उद्या पेठेतला प्रत्येक अडत्या म्हणेल, माझी आत्या राहते आत, तिला वानवळा नेतोय."

प्रश्न चोख होता. म्हातारा मात्र अजिबात गडबडला नाही. त्यानं माझ्याकडे हात केला.

"तोंड बघून कळतंय की! ह्या रावसाहेबांस्नीच इचारा. काल आमच्या गुऱ्हाळावर आल्ते. रस पिले, गूळ खाल्ला, वर ढेप न्हेली. पैसं घेटलं का आमच्या म्हातारीनं? न्हाय घेटलं! मग ती माल हुती का वानवळा? त्यांच्याच तोंडानं ऐका."

माझा पट्टेवाला छताकडे बघू लागला.

"रावसाहेब वेष पालटून आले होते, असं म्हणायचंय का?" वकिलांनी विचारलं.

"पालटला हुता की! पन मागनं ह्यो पट्टेवाला छत्री धरून येत हुता न्हवं का. आमी म्हटलं, सायबाला हौस हाय, आपुन कशाला मोडा."

मी पट्टेवाल्याकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, "ऊन हुतं साहेब."

लोक हसले. वकील हसले नाहीत. ते खालच्या आवाजात म्हणाले, "रावसाहेब, हा प्रश्न मी होऊन काढला नसता. पण निघालाच आहे, तर माझ्या अशिलासाठी मला बोललं पाहिजे. ती ढेप माल असेल, तर आपण दाव्यातल्या एका बाजूकडून माल घेतलात. आणि माल नसेल, वानवळाच असेल, तर दाव्यातला एकुलता एक मुद्दा आपण काल गुऱ्हाळावरच ठरवून आलात, आमचं म्हणणं ऐकण्याआधी. यातलं कुठलं, ते आपणच सांगावं."

मी खुर्चीत बसल्या बसल्या माल आणि वानवळा यांच्या मधून निसटता येईल का ते बघत होतो. पैसे पाठवून दिले म्हणावं? दिलेले नव्हते. ढेप परत करावी? ती पोळ्यांत गेली होती. रस तर कुठल्या कायद्यानंच परत करता येत नाही. आणि सगळ्यात वाईट हे, की म्हाताऱ्याची बाजू खरी आहे असं मला वाटत होतं, आणि ते का वाटतं हे आता सांगता येत नव्हतं. मुद्द्यानं पटलं होतं, की गरम गुळानं? आदल्या दिवशी मला त्याची खात्री होती. आता नव्हती.

"मी या दाव्यातून बाजूला होतो," मी म्हणालो. "दावा वरच्या न्यायाधीशांकडे जाईल."

"म्हंजे बैलं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मी वकिलांकडे बघितलं. "जाण्याआधी बैलांपुरता हुकूम..."

त्यांनी हात जोडले. त्यांच्या तोंडावर विजय नव्हता, उलट अवघडलेपणच होतं. "रावसाहेब, आपण एक तर या दाव्यात आहात, नाही तर नाहीत. बैलांपुरते कसे असाल?"

वरचे न्यायाधीश दौऱ्यावर होते. ते परत येऊन दावा हाती घेईपर्यंत बांधावरचा ऊस सरपण झाला असता. हे मी बोललो नाही, पण कोर्टातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ते कळलं. काल माझ्या डोक्यात पाठ असलेलं ते वाक्य आत्ताही जिभेवर होतं, आणि ते उच्चारायचा हक्क मी दोन तांब्यांत पिऊन टाकला होता.

वकिलांनीच मग वाट सुचवली. जकात आज भरावी, पण तक्रार राखून ठेवावी. बैल लगेच सुटतील, दावा तसाच पुढे चालेल, जिंकला तर रक्कम परत.

"मेलो तरी भरनार न्हाय," म्हातारा म्हणाला. "भरली म्हंजे कबूल केली."

तेव्हा मागून त्याची कारभारीण उठली. "तुमी मरशीला, खुशाल मरा. ऊस कशापायी मारतासा?" ती पुढं आली आणि लुगड्याच्या गाठीत हात घातला. "वकीलसायेब, कुठं भरायचं त्ये सांगा."

"अगं पर वानवळा..."

"वानवळा माझा मी ठरीवते. बैलं तुमची न्हाईत, माझ्या भावानं दिल्याली हाईत. चला."

म्हातारा तिच्या मागून गेला. जाताना त्यानं मला रामराम केला. त्यानं तो केला नसता तर मला बरं वाटलं असतं.

दाव्याचा निकाल पुढं काही महिन्यांनी लागला, म्हाताऱ्याच्या विरुद्ध. मी तो वाचला. न्यायाधीश गुऱ्हाळावर गेले नव्हते. त्यांनी लिहिलं होतं, की कर घेणाऱ्याला देणाऱ्याचं मन दिसत नाही, गाडी दिसते. वानवळा सोडायचा असेल तर तसा नियम दरबारानं करावा, कोर्टानं तो करू नये. मी त्या निकालात खोट काढायचा बराच प्रयत्न केला. सापडली नाही. तरी मी असतो तर उलट निकाल दिला असता, आणि अजूनही रात्री जाग आली की मी तो देत असतो. अपिलात माझा टिकला असता की नाही, कोण जाणे.

रिवाज मात्र जकातीनं मोडला नाही, उलटा झाला. पुढल्या हंगामात म्हाताऱ्यानं शहरात एकही ढेप पाठवली नाही. लेक, बहीण, व्याही, सगळे पोराबाळांसकट गुऱ्हाळावरच येऊ लागले. पोटात घालून नेलेल्या गुळावर जकात कशी घ्यायची, हे मक्तेदाराला सुचेना. म्हातारीला दोन वेळची भाकर जास्त थापावी लागली, एवढाच तोटा.

एकदा त्या रस्त्यानं मी टांग्यातून जात असताना म्हातारा बैल घेऊन आडवा आला. मी उतरलो. नमस्कार झाला.

"रावसाहेब, एक इचारू? त्या दिशी तुमी आला नसता, तर काय झालं असतं?"

"तर दुसऱ्या दिवशी मी बैल सोडायला लावले असते."

"जकात न भरता?"

"न भरता."

त्यानं बैलाच्या मानेवरची माशी हाकलली. "मग आलासा कशाला?"

"खरं काय ते बघायला."

"आनि दिसलं न्हाय?"

"दिसलं."

"मग?"

"दिसलं, म्हणूनच मला निकाल देता आला नाही."

मी थट्टा करतोय का, हे त्यानं माझ्या तोंडाकडे बघून ताडलं. मग त्यानं बैलांना हाक दिली आणि चालता चालता म्हणाला, "असलं शिकायला तुमास्नी लई साळा शिकवली आसंल न्हाय घरच्यांनी?"

"लई शिकवली," मी म्हणालो.