बाबांचं पातळ धोतर

मागल्या महिन्यात आष्टीला अक्काकडे गेलो आणि अख्खी दुपार दाराआड उभं राहून काढावी लागली... नेसायलाच काही उरलं नव्हतं!

त्याचं मूळ सेवाग्रामला. मागे एकदा वर्ध्याला सायकलची चेन आणायला निघालो होतो. वाटेत एक गाडीवान भेटला, तो सेवाग्रामकडे चालला होता, म्हणून मीही बसलो. तिथे विहिरीवर एक म्हातारे गृहस्थ धोतर धूत होते. एक अंगावर, एक हातात... बस, संपले त्यांचे कपडे.

मला ते फारच पटलं. मला गोष्टी लवकर पटतात. नाचणगावात आमचं घर आहे, पण आईबाबा गेल्यापासून मी एकटाच, आणि मी सदा बाहेर. घराला कुलूप आणि आत ट्रंकभर कपडे. हिंडणाऱ्या माणसाला ते कशाला हवेत?

घरी आलो तर जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई गल्लीत ओरडत होती. ट्रंक तिच्यापुढे उपडी केली. माझे सदरे, बाबांची धोतरं, सगळंच. तिने त्यावर जर्मनचा एक गंज दिला, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. सौदा बरा झाला असं वाटलं. (चेन राहिलीच.)

दोन धोतरं तेवढी ठेवली. एक नवं, खादीचं, जाडंभरडं. दुसरं बाबांचं, झिजून पातळ झालेलं. ते ठेवण्याचं कारण एवढंच की झोळीत जागा कमी घेतं आणि लवकर वाळतं.

खरं सांगतो, मजेत होतो. सकाळी उठून काय घालू हा विचार नाही, धुणं म्हणजे चार आपट्या. उशाला घ्यायला मात्र काही नसायचं, मग गंज पालथा घालून त्यावर डोकं ठेवायचो.

अक्काचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आमच्या माहेरी चूल कोण पेटवणार? म्हणून ते सासरीच ठरलं, आणि मी आपला नुसता भेटायला निघालो. पुलगावहून आर्वीपर्यंत लहान रुळांची आगगाडी, पुढे मोटार. आर्वीला डोंबाऱ्याचा खेळ बघत थांबलो, मोटार निघून गेली... पायीच निघालो आणि दुसऱ्या दिवशी आष्टीला पोचलो तो धुळीने माखून. पोचल्या पोचल्या खादीचं धोतर धुऊन दोरीवर टाकलं, बाबांचं नेसलं आणि ओसरीवर बसलो.

अक्का पोट सावरत बाहेर आली. माझ्याकडे नाही, झोळीकडे बघत होती.

"गाठोडं कुठी हाय रे?"

"कोणतं गाठोडं?"

"बाबाच्या धोतराईचं."

आमच्याकडे बाळाला बारशापर्यंत नवं कापड लावत नाहीत. जुनं, मऊ पडलेलंच लागतं, आणि पहिल्या बाळाचं माहेरून येतं. बायांना हे ठाऊक असतं. मला सांगणारं घरात कोणी नव्हतं, आणि अक्काला वाटलं, यात सांगायचं काय...

"भांडेवालीले देऊन टाकले," मी म्हणालो.

अक्काच्या सासूबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं. "अन् तिनं काय देल्लं?"

"जर्मनचा गंज."

"मंग लेकराले गंजात निजवू काय?"

मी म्हातारेबुवांची गोष्ट सांगितली, दोनच धोतरांचं व्रत सांगितलं. भाऊजी हसले. अक्का हसली नाही. सासूबाईंची जुनी लुगडी घरात होती, बाळाचं काही अडलं नसतं. पण माझं लेकरू आधी माझ्या बाबांच्या धोतरात निजेल, असं ती साऱ्या आळीत सांगून बसली होती. माहेरचं म्हणून दाखवायला तिच्याजवळ तेवढंच होतं. ती आत गेली.

सासूबाई उठल्या, माझ्याजवळून जाता जाता थबकल्या. माझ्या धोतराचा सोगा दोन बोटांत धरून चोळून पाहिला.

"हे कोनाचं होय?"

"बाबांचंच."

"मंग बसून काऊन राह्यला बाप्पा? सोड ना!"

"अन् मी काय नेसू? दुसरं वल्लं हाय..."

"पंचा गुंडाळ अन् दाराआड उभा राह्य. मामा होऊन राह्यला तू, एवढं त कर!"

आतून अक्काचं हसू ऐकू आलं. भाऊजी आपलं धोतर द्यायला लागले, पण मी नुकतंच व्रत सांगितलेलं... आता कोणत्या तोंडाने घेऊ? दिवस ढगाळ. ती खादी काही वाळेना. शेजारच्या बाया मामाला बघायला आल्या, त्यांना मी दाराआडूनच नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाळ रडलं. मुलगी. सासूबाईंनी तिला बाहेर आणून माझ्यापुढे धरलं. हनुवटीशी धोतराचा तांबडा काठ होता आणि त्याच्याजवळ बारीक, तिरके टाके. आईच्या हातचे. मी ते धोतर इतके दिवस नेसलो, धुतलं, पिळलं... आणि मला ते टाके कधी दिसले नव्हते.

निघताना सासूबाईंनी मामाचा मान म्हणून नवं धोतर पुढे केलं. मी मागे सरकलो. "आता तुह्यापाशी एकच हाय ना? मंग हे दुसरं. घे मुकाट्यानं!"

घेतलं. दोनच्या वर कपडे मी अजूनही ठेवत नाही, मला ते मानवतं. हे नवं धोतर मात्र भारी करकरीत आहे. रोज नेसतो, रोज धुतो, उन्हात वाळवतो. मऊ पडायला दोन-तीन वर्षं लागतील... अक्काच्या दुसऱ्या वेळेपर्यंत होईल.