अर्ध्या डोक्याचं केरॅटिन

सोमवारी सकाळी मी कंपनीत शिरलो तेव्हा माझ्या डोक्याची डावी बाजू सरळ होती आणि उजवी कुरळी. हजेरीच्या मशीनसमोर चेहरा धरला. मशीननं दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा मी डावी बाजू हातानं झाकली, तेव्हा कुठं तिला माझी ओळख पटली. मागं पॅकिंगच्या बायकांची रांग खोळंबली होती. त्यांच्या सुपरवायझर नसरीन आपा म्हणाल्या, "सर, आधा काय कू छोड दिये? बिजली गयी थी क्या?"

वीज गेली नव्हती. अक्कल गेली होती, आणि तीही शनिवारीच.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. शाम्पू, हेअर ऑइल, हँडवॉश, फिनाईल. मी तिथं क्वालिटी कंट्रोलला, म्हणजे क्यूसीला. माल तयार झाला की तो तपासायचा आणि बरोबर असला तर सही करायची. सही झाली की पिंपावर हिरवं स्टिकर लागतं. ते नसेल तर पॅकिंगवाले त्या पिंपाला हात लावत नाहीत. बावीस वर्षं मी हेच करतोय.

त्यातली चौदा वर्षं केसही वाढवतोय. कंबरेपर्यंत आलेत. जन्मजात कुरळे, कधी डाय नाही, कधी कसलं क्रीम नाही. गंगापूरच्या जीपमध्ये बसलो की एखादी म्हातारी हात जोडते. "महाराज कोणत्या मठाचे?" सुरुवातीला मी खरं सांगायचो. आता आशीर्वाद देऊन टाकतो, वेळ वाचतो. माझं लग्न न होण्याचं खापर आई या केसांवर फोडते. मी तिला अडवत नाही. केसांना दोष दिला की माझा स्वभाव सुटतो.

आमच्या मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. मूळचे ऊसवाले. शाम्पूत आले, पण आवाज अजून बांधावरचाच. त्यांनी यंदा नवीन प्रॉडक्ट काढायचं ठरवलं: घरच्या घरी केरॅटिन किट.

केरॅटिन म्हणजे ज्या प्रथिनानं केस, नखं आणि बैलाची शिंगं बनतात ते. पार्लरमध्ये केरॅटिन केलं म्हणजे केसांत प्रथिन भरलं, असं गिऱ्हाइकाला वाटतं. प्रत्यक्षात क्रीममधलं रसायन केसाला धरतं, वरून गरम प्रेस फिरवला की केस सरळ होतो आणि काही महिने तसा राहतो. आमच्या किटमध्ये क्रीम, ब्रश, हातमोजे आणि माहितीपत्रक. प्रेस ज्याचा त्यानं आणायचा.

या धंद्यात भीती एकाच गोष्टीची, फॉर्मॅलिनची. कॉलेजात बरणीतला बेडूक ज्यात बुडवून ठेवायचे, तेच. त्यानं केस झकास सरळ होतात. डोळे, नाक आणि छाती यांचं मात्र वाटोळं होतं. आम्ही ज्याच्याकडून हे क्रीम पिंपांत भरून घेतलं त्यानं लेखी दिलं होतं की यात फॉर्मॅलिन नाही.

शनिवारी मी तपासणी केली. क्रीम पाण्यात कालवलं, त्यात तपासणीचं द्रावण टाकलं. फॉर्मॅलिन असेल तर रंग येतो. रंग आला नाही. मग विकत आणलेल्या केसांच्या झुपक्याला क्रीम लावून प्रेस फिरवला. झुपका सरळ झाला. हे सगळं मी फ्यूम हूडखाली केलं. फ्यूम हूड म्हणजे काचेचं कपाट आणि वर पंखा. वास, धूर, वाफ, जे असेल ते बाहेर ओढून नेतो. मी सही केली. हिरवं स्टिकर लागलं.

भाऊसाहेब खूश झाले. "मंगळवारी गाडी भरायची. जालना, बीड, परभणी. लग्नसराई तोंडावर आलीय. फक्त पत्रकावर फोटो पाहिजे, आधीचा आणि नंतरचा. लांब केसांची मॉडेल आता कुठून आणू? तुझे केस कंपनीच्या कामाला कधी येणार?"

"भाऊसाहेब, बायकांच्या पत्रकावर बाप्या?"

"पाठमोरा काढू. मागून कुणाला कळायलंय?"

खरं सांगायचं तर मला विचारायचाच उशीर होता. चौदा वर्षांत एकदा तरी स्वतःचे केस सरळ बघायची हौस होती. एक किट पिशवीत टाकलं आणि घरी आलो.

मुकुंदवाडीला आमच्या दोन खोल्या. आई आणि मी. रविवारी थंडी कडक होती. आईला दमा, गार हवा सोसत नाही, म्हणून दार-खिडकी लावून घेतलेली. आई कॉटवर मेथी निवडत बसली होती. मी आरशासमोर क्रीम लावलं, पत्रकात लिहिलंय तेवढा वेळ थांबलो, केस वाळवले आणि प्रेस तापवला.

"काय करायलास रे?" आई म्हणाली.

"कंपनीचं काम."

"कंपनीनं न्हावी केलं व्हय तुला?"

पहिल्या चार-पाच बटांना काही झालं नाही. मग कांदा चिरल्यासारखे डोळे चुरचुरायला लागले. नाकात झणझणी गेली. अशा वेळी शहाणा माणूस प्रेस बंद करतो. मी क्यूसीचा माणूस. मनाशी म्हणालो, कागदावर नाही म्हणजे नाही. आणि पुढची बट घेतली. माझे स्वतःचे डोळे सांगत होते, तरी मी स्वतःच्या सहीवर विश्वास ठेवला. बावीस वर्षांच्या नोकरीत याहून मोठा गाढवपणा मी केलेला नाही, आणि यादी लहान नाही.

डावी बाजू पूर्ण झाली तेव्हा आईच्या हातातली जुडी खाली पडली. आधी ठसका, मग नुसता श्वासाचा आवाज. तिला बोलता येईना. मी तिला उचलून बाहेर ओट्यावर आणलं. तिचा पंप, म्हणजे दम्याचा तोंडात मारायचा फवारा, तिला दिला. पुन्हा दिला. ती माझं मनगट घट्ट धरून बसली होती. पंधरा मिनिटं मला केस आहेत की नाहीत याची शुद्ध नव्हती.

बोलता आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली, "मुडद्या, ते आधी धून टाक. एकच बादली घे. दुसरीला हात लावू नको, नळ परवा येणार हाय."

एका बादलीत डोकं धुतलं. उजव्या बाजूचं क्रीम प्रेस लागण्याआधीच निघून गेलं. म्हणून ती बाजू कुरळी.

चूक काय झाली ते मला संध्याकाळपर्यंत कळलं. लसणाच्या अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ठेचली की घर भरतं. तसंच हे. गार क्रीममध्ये फॉर्मॅलिन नव्हतंच. प्रेसच्या उष्णतेनं ते तयार होत होतं. मी गार क्रीम तपासून सही केली. झुपक्यावर प्रेस फिरवला तेव्हा ते निघालंच असणार, पण हूडनं ते ओढून बाहेर नेलं. ज्या बाईच्या घरी हे किट जाणार तिच्याकडं हूड नाही. तिच्याकडं दार लावलेली खोली आहे, आणि त्या खोलीत कुणाची तरी आई बसलेली आहे.

सोमवारी सगळ्यांच्या फिदीफिदी हसण्यातून वाट काढत मी आधी लॅबमध्ये गेलो. बंद फ्लास्कमध्ये क्रीम तापवलं, वाफ पाण्यात उतरवली, द्रावण टाकलं. पिकल्या जांभळाचा रंग आला. मी गोदामात जाऊन सगळ्या पिंपांवर हिरव्याच्या वर पिवळं स्टिकर लावलं. पिवळं म्हणजे माल थांबवा. मग केबिनमध्ये गेलो.

भाऊसाहेबांनी माझ्याकडं दोन्ही बाजूंनी पाहिलं. "हे काय सोंग?"

"सोंग नाही, रिपोर्ट आहे. माल थांबवलाय. प्रेस लावला की फॉर्मॅलिन निघतंय. काल माझी आई जाता जाता वाचली."

"आईला दमा हाय तुझ्या. दमेकऱ्याला उदबत्तीनंसुद्धा ठसका लागतो."

"माझ्या डोळ्यांना दमा नाही."

"पार्लरमध्ये बी थोडी चुरचुर होतीच की. कुणी मेलं का?"

"ते पंखे लावून करतात. आपण छापलंय घरच्या घरी."

"मग पत्रकात टाक, खिडकी उघडी ठेवा."

"मग किटमध्ये खिडकी पण द्या."

हे बोलल्यावर आपण जरा जास्तच बोललो असं वाटलं. पण तोंडातून गेलं होतं. भाऊसाहेब उठले. "शनिवारी सही केली का नाही? केली. शनिवारची सही सोमवारी खोटी कशी होती? काढ ते पिवळं."

"नाही काढणार."

"मग मी काढतो."

ते थेट गोदामात गेले. स्वतःच्या नखानं पहिल्या पिंपावरचं पिवळं स्टिकर खरवडलं. खाली माझं हिरवं होतंच, माझ्या सहीसकट. आपली सही आपल्याकडं बघून दात काढतेय, असं वाटलं. "भरा," ते नसरीन आपांना म्हणाले.

आपा जागेवरून हलल्या नाहीत. "भाऊसाहब, ऐसा नै होता. पीला लगे बाद हरा नया होना. उसपे सर की नई साइन होना."

"मालक कोण हाय इथं?"

"मालिक आपच है, उसमें दो बातां नै. साइन इनकी होना."

मागच्या बायका हातमोजे काढून उभ्या राहिल्या. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी सही केली असती तर गाडी गेली असती. नसती केली तर दुपारपर्यंत दुसरा कुणी सही करणारा आणला असता. भाऊसाहेबांना सही करणारे कमी नव्हते. मला एकच उपाय सुचला, तो शहाणपणाचा नव्हता.

"भाऊसाहेब, माझी उजवी बाजू शिल्लक आहे. तुमच्या केबिनमध्ये करू. एसी चालू, दार बंद, घरी करतात तसं. शेवटच्या बटेपर्यंत तुम्ही आत बसलात तर मी तिथंच सही करतो. उठलात तर गाडी जाणार नाही."

चारचौघांत लावलेली पैज नाकारणं त्यांच्या घराण्यात नाही. "चल. पण प्रेस माझ्या हातात राहील. तू हळूच करशील, मला ठाऊक हाय."

आपांनी आम्हाला दोघांना पाहिलं. "मैं दरवाजे पे खडी हूं. तबियत बिगडे तो मैं पूछती नै, सीधा खोलती."

क्रीम लावलं, थांबलो, वाळवलं. मी खुर्चीत, भाऊसाहेब मागं उभे. आतून कडी मीच लावली. उसाच्या शेंड्याचं वाढं धरावं तशी त्यांनी पहिली बट मुठीत धरली आणि प्रेस ओढला. "केस भारी हायत रे तुझे," ते म्हणाले. "शाम्पू आपलाच ना?"

"नाही."

दुसऱ्या बटेला मला जरा जोरातच हिसका बसला. तिसऱ्याला ते शिंकले. "सर्दी हाय मला." पाचव्याला बाहीनं डोळे पुसले. "एसीची धूळ." मला तर समोरचं दिसतच नव्हतं. केबिनच्या काचेपलीकडं सगळं पॅकिंग जमलं होतं आणि आत दोन पोक्त माणसं, एकाचे केस दुसऱ्याच्या हातात, ढसाढसा रडत होती. सातव्या बटेला भाऊसाहेबांचा घसा बसला. आठव्याला त्यांनी प्रेस टेबलावर टाकला आणि दाराकडं धावले. कडी सापडेना. आपांनी बाहेरून धक्का देत ओरडून सांगितलं, "उप्पर! उप्पर है!" ती एकदाची निघाली.

व्हरांड्यात खांबाला धरून ते बराच वेळ खोकत राहिले. कुणी हसलं नाही. आपांनी पाणी दिलं. दोन घोट घेऊन ते म्हणाले, "सूनबाई शनिवारपासून एक किट मागायलीय. नातू सहा महिन्यांचा हाय. एकाच खोलीत असत्यात."

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "गाडीवाल्याला फोन कर. नको म्हणावं."

कागदाचं काम उरलं होतं. "ते शनिवारचं पान फाड अन् नवीन लिही," असं त्यांनी सुचवलं. आमच्या तपासणीच्या वहीतली पानं नंबर घातलेली असतात. एकही फाडता येत नाही, आणि व्हाइटनर तर चालतच नाही. चूक झाली की तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी सही, तारीख आणि कारण. म्हणजे आपला मूर्खपणा पुसता येत नाही, फक्त कबूल करता येतो. मी माझ्या 'पास'वर रेघ मारली आणि कारण लिहिलं: 'गार तपासले, गरम तपासले नाही. चूक तपासणाऱ्याची.' साक्षीदार म्हणून भाऊसाहेबांनी लाल डोळ्यांनी सही केली. कुठं करायची ते मला बोट ठेवून दाखवावं लागलं.

सगळं क्रीम पुरवणाऱ्याकडं परत गेलं. किट बाजारात आलं नाही. ज्याची बाजू खरी ठरते त्याचं कौतुक होतं, अशी माझी समजूत होती. मला दोन महिने फिनाईलच्या सेक्शनला बसवलं आणि त्या वर्षीची बढती दुसऱ्याला गेली. भाऊसाहेबांनी वरून मलाच सांगितलं, "ते केस तरी आता काप. डावीकडं सरळ, उजवीकडं अर्धवट, लोक विचारायलेत."

मी म्हणालो, "विचारू द्या. मी सांगतो त्यांना." कापले नाहीत. मुळाशी कुरळे उगवायला लागलेत. सध्या मी वरून कुरळा, मधून सरळ आणि उजव्या कानामागं दोन्ही नाही, असा आहे.

शिकण्यासारखं एवढंच. ज्या डब्यावर 'घरच्या घरी' छापायचं तो डबा घरीच तपासावा, आणि सही करण्याच्या आधी तपासावा. नंतर तपासला तर केस अर्धेच बिघडतात, पण बढती पूर्ण जाते.