आधी बूट बघायचे!

आमच्या दुकानातले किस्से मी आठवणीत ठेवत नाही, तेच डोक्यात बसतात. रोज एक घडतो, रोज मी चरफडत घरी जातो! महागड्या घड्याळांचं शोरूम, मी आत काचेमागं रिपेअरिंगला. सगळं दिसतं, हेच वाईट.

मॅनेजरचा नियम एकच: आधी बूट बघायचे. बूट चकचकीत असले की मखमली ट्रे, पांढरे हातमोजे, कॉफी. चपला असल्या की, "डिस्प्ले पीस आहे, बाहेर निघत नाही!"

*

बजाजनगरचे एक काका रिटायर झाले म्हणून काकूंसोबत आले. मॅनेजर दारातच म्हणाला, "भिंतीवरची घड्याळं गुलमंडीच्या बाजारात मिळतील."

काकू म्हणाल्या, "भिंतीला नाय हो, ह्यांच्या मनगटाला पाहिजे. जल्मभर कंपनीच्या भोंग्यावर उठलेत!"

मॅनेजर फोनमध्ये बघत राहिला. दोघं निघून गेले. मी उठून माफी मागायला हवी होती. स्क्रू फिरवत बसलो, त्याची अजून लाज वाटते.

*

पुंडलिकनगरच्या एक शिक्षिका चपला घालून आल्या. डिस्प्ले पीस, निघत नाही! दुसऱ्या दिवशी त्याच बाई बहिणीचे बूट घालून आल्या. तेच घड्याळ ट्रेमध्ये हजर! बाईंनी ते हातात घातलं, बघितलं, काढून ठेवलं.

"काल निघत नव्हतं ना? मग राहू द्या आतच!"

*

आता आमचं गुपित. अवघड घड्याळ आलं की गिऱ्हाइकाला सांगतात, "परदेशात कंपनीकडे पाठवलंय." प्रत्यक्षात मी ते गुलमंडीत रशीद चाचांकडे नेतो. मला काम त्यांनीच शिकवलं. मॅनेजरनं मात्र त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

परवा चाचा पहिल्यांदाच दुकानात आले. आपण दुरुस्त केलेली घड्याळं जातात कुठं, ते बघायला! पायात स्लिपर. काउंटरवर एक बिल्डर 'परदेशातून' आलेलं घड्याळ घेत होते. चाचा ट्रेवर वाकले.

मॅनेजर खेकसला, "ओ, लांब व्हा! यातलं तुम्हाला काय कळतं?"

माझं डोकंच सणकलं. नोकरी गेली तर गेली! बाहेर आलो, खुर्ची ओढली. "चाचा, बसा."

चाचा बसले नाहीत. बिल्डरला म्हणाले, "साहेब, चावी जरा आहिस्ता द्या. आतलं एक चाक नवं आहे, मी परवाच हातानं घासून बसवलंय."

बिल्डरनं मॅनेजरकडं बघितलं. मॅनेजरनं चाचांच्या स्लिपरकडं.