गुऱ्हाळात पिकवलेली सात वर्षं

मी बोलणारा माणूस नाही. स्टाफरूममध्ये माझी ख्याती 'सर हो म्हणतात' एवढीच. असा मी एकदा, विचारलेलं नसताना, चार शब्द बोललो आणि त्यात एका बाईंची नोकरी गेली. त्याला आता पाच वर्षं झाली.

आमचं कॉलेज श्रीरामपूरच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. मी तिथं भूगोल शिकवतो. कॉलेजला श्रेणी द्यायला बाहेरून समिती येणार होती. समिती इमारत बघते, मुलांशी बोलते, पण तिचा खरा जीव कागदात. पालक सभा घेतल्या का, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे झाले का, त्यात काय ठरलं, याची सात वर्षांची इतिवृत्तं हवी होती. आमच्याकडे सात वर्षांत एकच सभा झाली होती, तीही संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाची.

प्राचार्यांनी मला बोलावलं. "सर, तुमचं अक्षर छान आहे."

मी हो म्हणालो.

अकरा दिवसांत मी सात वर्षं लिहून काढली. खोटं कशाला बोलू, मजा आली. पहिल्या दोन वर्षांच्या सभा फारच गोडीगुलाबीनं पार पडल्या, म्हणून तिसऱ्या वर्षी एका पालकाला सायकल स्टँडच्या गळक्या पत्र्यावरून भांडायला लावलं. चौथ्या वर्षी नवा पत्रा बसवल्याबद्दल त्याच पालकाकडून अभिनंदनाचा ठराव मांडून घेतला. आमच्याकडे सायकल स्टँड नाही. मुलं सायकली कडुलिंबाला टेकवतात. आणि त्या सगळ्या सभांत मी स्वतः, समन्वयक म्हणून, खणखणीत बोललो होतो. 'समन्वयकांनी ठाम विरोध नोंदवला' असं एके ठिकाणी लिहिलंय. आयुष्यात मी नोंदवलेला तो पहिला ठाम विरोध.

मग संस्थेनं एक सल्लागार पाठवला. त्यानं सातही रजिस्टरं हाताळली, पानं कानाशी धरून फडफडवली आणि म्हणाला, "सर, मजकूर उत्तम. पण कागद कालचा वाटतोय."

कागद कालचाच होता.

उन्हात ठेवून झालं. पानं वाकली, पण पांढरीच राहिली. तेव्हा मला माझ्या चुलतभावाचं गुऱ्हाळ आठवलं. त्याच्या छपरातलं दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर शंभर वर्षांचं वाटायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी रजिस्टरं पोत्यात घालून तिथं गेलो. काहिलीत रस उकळत होता. वर बांबूला तारेनं सातही रजिस्टरं उघडी टांगली.

भाऊ चिपाडं ढकलता ढकलता बघत होता. "मास्तर, ह्ये काय सुकवाया घातलंय?"

"कॉलेजचा रेकॉर्ड आहे."

"आन् त्यो पिकवायचा ऱ्हातो व्हय?"

"थोडा जुना दिसायला हवा."

"मंग तुमी सोताच बसा की वर. तुमी बी लई नवं दिसताय त्या कामाला."

तीन दिवसांत पानांना असा सुरेख तपकिरी रंग चढला, की माझंच अक्षर मला वडिलांच्या पिढीतलं वाटू लागलं. सल्लागारानं माझ्या पाठीवर थाप मारली. वाफेबरोबर रसाचे बारीक शिंतोडेही पानावर चढतात, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी भूगोलाचा माणूस. बाष्पीभवन दर वर्षी शिकवतो.

कुलूप लागणारं धड कपाट फक्त ग्रंथालयात होतं, म्हणून रजिस्टरं तिथं गेली. ग्रंथपाल मॅडम आमच्याकडे नऊ वर्षं तात्पुरत्या होत्या. दर जूनला नवा आदेश, दर मेमध्ये सेवा संपली. या वेळी अध्यक्षांनी स्टाफच्या भर सभेत (ही खरी झालेली सभा) सांगितलं होतं, "श्रेणी चांगली आली की मॅडम कायम." त्यामुळे मॅडमनी जूनपासून एकही रजा घेतली नव्हती. पुस्तकांच्या पाठी स्वतः खळ करून चिकटवल्या होत्या.

रजिस्टरं लावताना त्या म्हणाल्या, "सर, याला गोड वास येतोय."

"जुन्या कागदाला येतो तसा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्य जुन्या कागदात गेलेली बाई ती. पण मी वयानं मोठा, समन्वयक. त्यांनी कपाटाला कुलूप लावलं.

समिती आली. ढोल वाजले, फेटे बांधले. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात टेबलावर माझी सात वर्षं मांडली गेली. समितीचे प्रमुख दक्षिणेकडचे, वयस्कर, मराठी सावकाश पण समजून वाचणारे. सायकल स्टँडच्या भांडणापाशी ते हसले, तेव्हा मला आतून लेखक झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात त्यांच्या बाहीवरून एक लाल मुंगी चालत गेली. तिच्यामागून दुसरी. मग पाचव्या वर्षाच्या पालक सभेतून मुंग्यांची रांगच निघाली, टेबलाच्या कडेनं, शिस्तीत. आमच्या राष्ट्रीय छात्र सेनेला ती शिस्त कधी जमली नव्हती.

प्रमुखांना जुन्या माणसांसारखी एक सवय. पान उलटताना बोट जिभेला लावायचे. त्यांनी बोट लावलं. पान उलटलं. परत बोट लावलं आणि थांबले. मग अगदी विचारपूर्वक तिसऱ्यांदा लावलं.

"मीठा है," ते म्हणाले.

प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अध्यक्षांकडे. अध्यक्षांनी मॅडमकडे. "काय हो मॅडम, कपाटात खायचं ठेवता की काय?"

"नाही," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. मी सांगेन, अशा खात्रीनं.

आणि मी म्हणालो, "मॅडमचा डबा असतो कधीकधी."

मॅडम रोज आमच्याबरोबर स्टाफरूममध्ये जेवायच्या. त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी नऊ वर्षं खाल्ली होती.

प्रमुख हसले, हात धुवायला गेले. श्रेणी उत्तम आली. चौकात फ्लेक्स लागला, त्यात तिसऱ्या रांगेत मी. मॅडमना 'अभिलेख जतनात निष्काळजीपणा' म्हणून मेमो मिळाला आणि जूनमध्ये आदेश निघालाच नाही. पुढच्या वर्षी मी उपप्राचार्य झालो.

मॅडम न्यायाधिकरणात गेल्या, हे कानावर होतं. त्यांचं गाव बेलापूर. मी तिकडून जायचंच सोडलं. मग या पावसाळ्यात संस्थेच्या वकिलांनी उत्तराचा मसुदा पाठवला. उपप्राचार्य म्हणून सही माझी. 'सदर ग्रंथपाल या कपाटात नियमितपणे खाद्यपदार्थ ठेवीत असल्याचे मी स्वतः पाहिले आहे.' कधीकधीचं नियमितपणे झालं होतं. मी पेन उघडलं, बंद केलं, कागद खिशात घातला आणि बेलापूरची बस धरली.

दार त्यांच्या आईनं उघडलं. मॅडम शिकवणीच्या वह्या तपासत होत्या. मी बसलो नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. गुऱ्हाळ, बांबू, तार.

मॅडम आधी हसल्या. चक्क हसल्या, डोळ्यांतून पाणी येईतो. "गुऱ्हाळात? सर, मला वाटायचं शिपायानं चहा सांडला आणि तुम्ही त्याला वाचवलंत! एवढं तरी पुण्य तुमच्या नावावर धरून होते मी."

आई मात्र हसली नाही. "म्हंजी डबा न्हवताच?"

"नव्हता, आजी."

"पाच वर्सं मी हिला बोलतीय. म्हनलं, दोन घास भायेर खाल्लं असतं तर काय बिगडलं असतं तुजं." ती लेकीकडे बघायला लागली. मॅडमनी वही पुढे ओढली आणि दोन-तीन बरोबर उत्तरांवर उगीच परत खुणा केल्या.

मग त्यांनी कोरा कागद दिला. "लिहून द्या."

मी लिहिलं. त्यांनी वाचलं, परत दिलं. "अजून 'रजिस्टरे टांगण्यात आली' असंच लिहिताय. कुणी टांगली?"

मी परत लिहिलं.

"सोमवारी सुनावणी आहे. नुसता कागद चालणार नाही, तिथं उभं राहून बोलावं लागेल. सातची बस. तुम्ही नाही आलात तरी मी जाणार आहेच."

सोमवारी मी साडेसहालाच स्टँडवर होतो. सुनावणीत पीठासीन अधिकाऱ्यांनी मला गुऱ्हाळाचा भाग दोनदा सांगायला लावला, आणि दुसऱ्यांदा संस्थेचे वकीलही हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या माझा शब्द न् शब्द आपल्या वहीत उतरवत होत्या, मी मागे घेईन या भीतीनं.

निकाल लागायचा आहे. माझ्यावर संस्थेनं चौकशी बसवली आहे आणि चौकशी समितीची पहिली सभा, मला न बोलावताच, झाल्याचं इतिवृत्त मला मिळालं आहे. त्यात मी सर्व आरोप मान्य केले आहेत. तेवढं मात्र खरं आहे.